दोरीवाले आणि चावीवाले

अमेरिकेतल्या आमच्या बॉइसी गावातल्या मराठी मंडळींचे किस्से म्हणजे फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्या. एकेका वाटीत थोडं थोडं, टाकवत नाही म्हणून ठेवलेलं. पाहुणा आला की सगळ्या वाट्या बाहेर निघतात, आणि त्यातल्या निम्म्या बापूंच्या निघतात.

बापू म्हणजे विनायक बापट. पुण्याचे, आमच्यात वयाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. इथे आयडाहो राज्यात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात सगळे घरात हीटरजवळ बसले, बापूंनी स्नोमोबिल घेतलं. बर्फावरची स्कूटर म्हणा: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. मग आमचे हे, म्हणजे संजय, यांनी जुनं लांब सीटचं घेतलं. मी मागे बसते, मला चालवायची हौस नाही. मग मुंबईचा गिरीश आला आणि भांडण सुरू झालं.

कारण गिरीशच्या मशीनला चावी होती. फिरवली की सुरू. बापूंच्या मशीनला दोरी, जनरेटरला असते तशी. हिसका मारून ओढायची.

गिरीशने पहिल्या दिवशी चावी फिरवली. बापू बघत राहिले.

"हे काय, मिक्सर आणलास?"

"सुरू झालं ना बापू?"

"बॅटरी, स्टार्टर मिळून पंचवीस पौंड वजन. खोल बर्फात एकेक पौंड नडतो. आणि थंडीत बॅटरी दगा देते, दोरी देत नाही."

डबा काढता काढता मृणाल, बापूंची बायको, म्हणाली, "पंचवीस पौंड पोटावरचे कमी कर आणि लावून घे की बॅटरी."

*

संजय नागपूरचे, मीही नागपूरची. आमच्याकडे स्कूटर सुरू झाली नाही की एकच उपाय: डावीकडे तिरकी करायची, थोडं थांबायचं, मग किक. हे हाडात मुरलेलं असतं. माणूस अमेरिकेत गेला म्हणून निघत नाही.

एकदा पार्किंग लॉटच्या कडेला यांचं मशीन सुरू होईना. दोरी ओढून ओढून जॅकेट काढलं, स्वेटर काढला. मग शांतपणे म्हणाले, "गिरीश, जरा तिकडून धर. तिरकं करू."

पाचशे पौंडांचं धूड! दोघांनी तिरकं केलं आणि ते आडवंच झालं, अर्धं बर्फात. त्यावर बापूंनी दोन्ही हात कमरेवर ठेवून मार्गदर्शन सुरू केलं.

एक म्हातारे अमेरिकन काका आपला कुत्रा घेऊन चालले होते. थांबले. विचारलं, काही हरवलंय का खाली? संजय म्हणाले, "नो, नो. पेट्रोल इज कमिंग."

काकांनी मान हलवली, चौघांनी मिळून मशीन उभं केलं, आणि काकांनी हँडलवरचं लाल बटण एका बोटाने वर ओढलं. ते दाबलेलं असलं की इंजिन सुरूच होत नाही. मग दोरी. पहिल्या ओढीत सुरू.

काका गेल्यावर संजय मला म्हणतात, "पण तिरकं केल्याने फरक पडलाच."

*

दसऱ्याला बापूंच्या गॅरेजमध्ये शस्त्रपूजा. लॅपटॉप, पोळपाट, मृणालचं शिलाई मशीन आणि मधोमध स्नोमोबिल. मृणालने अंगणातल्या झेंडूचा हार केला होता. तो कुठे घालावा? हँडल रुंद, आरसे नाहीत. बापूंनी विचारपूर्वक तो दोरीच्या मुठीला बांधला. "शक्तीचं स्थान इथे आहे," म्हणाले.

आरती झाली. "आता मुहूर्त," असं म्हणून बापूंनी दोरी ओढली. इंजिन धडधडलं आणि दोरी सर्रकन परत गेली, जाताना हाराचा दोरा घेऊन. झेंडू गॅरेजभर. प्रसादाच्या शिऱ्यात झेंडू. माझ्या केसांत झेंडू. दोरा आत गुंडाळला गेला आणि दोरी बाहेर येईना. बापू दिवाळीपर्यंत स्क्रू खोलत बसले होते.

गिरीश म्हणाला, "बापू, माझ्या चावीला नुसतं कुंकू लावलं हो."

*

बापूंचा नियम होता, आणि पुण्याच्या माणसाचा नियम म्हणजे काय ते सांगायला नको. ज्याला आपलं मशीन स्वतः सुरू करता येत नाही, त्याने डोंगरावर यायचं नाही. खाली गाडीत बसायचं. गिरीशच्या मशीनलाही अडीअडचणीची दोरी होतीच; ती त्याला एकदा ओढून दाखवावी लागली, मगच परवानगी.

या नियमापायी मृणाल दोन हिवाळे गाडीत बसली. तिला स्वतःचं मशीन चालवायचं होतं. मागे बसणं नको होतं, आणि बापूंच्या छोट्या सीटवर जागाही नव्हती. पण दोरी ओढायला गेली की खांद्यापर्यंत यायची आणि अडायची. मग ती थर्मास घेऊन गाडीत, आणि आम्ही वर. खरं सांगते, मला फार वाईट वाटायचं. काचेतून हात हलवायची ना, तेव्हा तर जास्तच. मी एकदा बापूंना बोललेही, "काऊन हो, तुम्ही नाही का सुरू करून देणार तिला?"

"सुरू करून देईन. पण वर एकटी अडकली तर? दुसऱ्याच्या भरवशावर डोंगर चढायचा नसतो."

मुद्दा खोटा नव्हता, तोच तर त्रास होता.

मंगळागौरीला माझ्या घरी फुगड्या चालल्या होत्या. मृणाल माझ्याबरोबर फिरता फिरता मध्येच थांबली. मी जवळजवळ सोफ्यावरच गेले.

"अगं, आपण हात ओढतच नाही," ती म्हणाली. "अंग मागे टाकतो. वजन ओढतं."

नऊवारी नेसलेली बाई तशीच उठून घरी गेली. मीही मागोमाग. गॅरेजमध्ये तिने एक पाय मशीनच्या पायरीला लावला, दोन्ही हातांनी मूठ धरली, दोरी ताणली जाईपर्यंत हळू घेतली आणि फुगडीसारखं अंग मागे झोकलं. सुरू! बापू वरच्या मजल्यावरून धावत आले. त्यांना वाटलं, चोर.

त्या हिवाळ्यात मृणालचं स्वतःचं मशीन आलं. जुनं, निळं, दोरीचं.

*

आणि पुढच्याच वर्षी बापूंचा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर, वर्षभर तरी लागेल. मृणाल म्हणाली, या वर्षी घरी बस. बापू म्हणाले, काही झालेलं नाही.

हिवाळ्यात बापू आले. मशीनजवळ उभे राहिले, दोरी धरली, "हं" केलं आणि ओढली. सुरू. आम्ही चाट पडलो.

दुसऱ्या खेपेला गिरीश माझ्या कानात पुटपुटला, "वहिनी, नीट बघा. आधी इंजिन सुरू होतं, मग दोरी ओढली जाते."

बघितलं. डाव्या हाताचा अंगठा हँडलखालच्या बारक्या बटणावर. उजवा हात फक्त अभिनय करत होता, "हं" सकट. पंचवीस पौंड गुपचूप बसवून घेतले होते.

आम्ही न बघितल्यासारखं केलं. त्या माणसाचा जीव होता त्या डोंगरात, सगळ्यांना माहीत होतं. फक्त गिरीशला राहवलं नाही. "बापू, तुमचं मशीन किती आज्ञाधारक झालंय."

"सवय लावावी लागते," बापू म्हणाले.

*

फेब्रुवारीत आम्ही पाचही जण पार वरच्या पठारावर गेलो. कडाक्याची थंडी, लख्ख ऊन, खाली सगळी दरी पांढरी. फोटोसाठी मशिनं बंद केली. फोटो झाले. बापूंनी दोरी धरली, "हं" केलं.

काही नाही.

पुन्हा "हं". पुन्हा काही नाही. हातमोज्यातला अंगठा बटण दाबदाबून थकला होता. बॅटरीने मान टाकली होती. मग बापूंनी खरोखर ओढली, आणि खांदा धरून खालीच बसले.

आम्ही सगळे आपापल्या हातमोज्यांकडे बघत राहिलो. नियम बापूंचाच होता आणि गाडी खूप खाली होती.

मृणाल आली. एक पाय पायरीला लावला, दोन्ही हातांनी मूठ धरली, अंग मागे झोकलं. सुरू.

"आता बंद करू नकोस," एवढंच म्हणाली आणि डबा उघडायला गेली.

आता पंचाईत अशी की हे मशीन उभ्या जागी चालू ठेवलं की तापतं. पळताना पट्टा बर्फ उडवतो, त्यानेच ते थंड राहतं. म्हणजे बंद करायचं नाही आणि थांबायचंही नाही. आम्ही बर्फावर ताडपत्री अंथरून थालीपीठं खायला बसलो आणि बापू आमच्याभोवती फेऱ्या मारू लागले. प्रत्येक फेरीला मृणाल हात लांब करून एक तुकडा द्यायची, बापू तो जाता जाता घ्यायचे. एकदा लोणी राहिलं, तर पुढच्या फेरीला ओरडून गेले, "लोणी!"

संजय हसू दाबत म्हणाले, "ही प्रदक्षिणा देवाची की देवीची?"

मग बापूंची फेरी हळू झाली. मृणालसमोर येऊन ते थांबले. तिच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि स्वतःच्या हाताने मशीन बंद केलं. डोंगरावर एकदम शांत झालं.

बापूंनी हेल्मेट काढलं, ताडपत्रीवर मृणालच्या शेजारी मांडी घालून बसले आणि थर्मासकडे बोट केलं.

"चहा ओत. आज घाई नाही."