दवाखान्याच्या भिंतीवरचं पांढरं प्रवाळ

नागपूरच्या जरीपटका भागातल्या मुलांच्या दवाखान्यात भिंतभर समुद्र काढायचं काम बळीराम पेंटरला मिळालं. जन्म जवळच्याच खापा गावचा, हयात नागपुरात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. पण त्याची मुलगी दीप्ती लक्षद्वीपला प्रवाळांचा अभ्यास करायची, पाण्याखाली जाऊन फोटो काढायची. तिच्या फोटोंतला एक त्याला भारी आवडला होता: निळ्या पाण्यात पांढऱ्याशुभ्र, झळकणाऱ्या फांद्या. तोच त्यानं मन लावून भिंतीवर उतरवला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

संध्याकाळी दीप्तीनं व्हिडिओवर भिंत पाहिली.

"बाबा, हे प्रवाळ आजारी हायेत."

"आजारी? इतकं चकचकीत तं दिसून राहिलं!"

"प्रवाळ म्हणजे बारके जीव. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहते, तेच त्यांले रंग देते, खायले देते. पाणी तापलं की ते शेवाळ निघून जाते. मग हे असे पांढरे पडतात, उपाशी."

"किती तापते?"

"एक-दोन डिग्री. पण आठवडेच्या आठवडे."

मे महिन्याच्या उन्हात पाट्या रंगवणाऱ्या बळीरामच्या डोक्यात हे शिरेना. एक-दोन डिग्रीनं कोणी उपाशी मरतं?

"मग चांगलं कसं दिसते?"

"बहुतेक तपकिरी. मातकट."

दुसऱ्या दिवशी त्यानं फांद्यांवर तपकिरी रंग द्यायला घेतला, तशा डॉक्टरीणबाई धावत आल्या. "बळीरामभाऊ, चांगलं होतं नं! काहून खराब करून राहिले?" त्यानं ब्रश खाली ठेवला. अर्धी भिंत तशीच ठेवून तो घरी गेला.

तेवढ्यात दीप्तीचा नवा फोटो आला. जागा तीच, पण पांढऱ्यावर हिरवट रंग चढलेला. त्यानं लगेच फोन लावला.

"बरे झाले वं ते!"

"नाही बाबा, मेले. हे वरचं शेवाळ वेगळं."

"शेवाळानंच जगते म्हणे, अन् शेवाळ आलं तं मेलं? मले काहीच समजून नाही राहिलं. मंग मी काढू तं काय काढू?"

"काही पुन्हा तपकिरी झाले, बाबा. त्यांच्याच बाजूचे नाही झाले. काहून, ते मलेही पुरतं नाही समजलं."

मग दीप्तीच डॉक्टरीणबाईंशी बोलली आणि भिंत तशीच ठेवायचं ठरलं, अर्धी तपकिरी, अर्धी पांढरी, खऱ्या समुद्रासारखी. लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईनं विचारलं, "काम बाकी हाये का, भाऊ?"

"झालं," बळीराम म्हणाला. मग भिंतीकडे बघत पुटपुटला, "झालं असंल."