गिटार घेऊन आलेले पाहुणे

इकडे आखातात, अल दुहैलला आमच्या कंपाउंडमध्ये, समोरच्या व्हिलात एक अमेरिकन शिक्षिका राहते. गेल्या वर्षी तिचे वडील तिच्याकडे राहायला आले. तरुणपणी ते लोकगीतं गायचे, पुढे नट झाले. हे कळल्यावर आमच्या मराठी मंडळाला कुठलं स्वस्थ बसवतंय! वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे हेच हवेत असं ठरलं आणि परिचय करून द्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं.

माहिती घ्यायला मी गेले आणि चक्रावून गेले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, माझा जन्म खाणकामगारांच्या वस्तीतला. दुसऱ्या दिवशी वडील शहरातले दातांचे डॉक्टर निघाले. यातलं खरं कुठलं, असं मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "डॉक्टरच. पण दाताच्या डॉक्टरच्या मुलाचं दुःखाचं गाणं कोण ऐकणार? रेकॉर्ड कंपनीने खाण सुचवली. मग इतकी वर्षं गायलो, की खाणीतला काळोख मीच पाहिलाय असं वाटायला लागलं."

हसावं की रागवावं, मला कळेना. नटाचं प्रकरण तर आणखी विचित्र. गाता येतं म्हणून त्यांना एका मालिकेत घेतलं आणि दोन-चार भागांनंतर न्हाव्याचं काम दिलं. पुढे वर्षानुवर्षं ते लोकांचे केसच कापत राहिले. मालिका संपली तेव्हा रस्त्यात लोक ओळखायचे, पण न्हावी म्हणून.

शेवटी परिचयात मी खाणच घेतली. आमच्या मंडळाला कष्टाचं बालपण फार आवडतं.

मी निघताना त्यांनी विचारलं, "तिथला माईक कसा आहे?" चांगला आहे, असं मी सांगितलं. मुलगी दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आई गेल्यापासून ते लोकांसमोर गायलेले नाहीत. हल्ली रोज दार लावून सराव करतात. तुमच्या कार्यक्रमासाठी." मला बरं वाटलं, पण कार्यक्रमपत्रिकेत सत्कार होता, मनोगत होतं, गाणं कुठेच नव्हतं. मनोगतात गातीलच की, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मुऐदरच्या हॉलमध्ये शुक्रवारी सकाळी कार्यक्रम झाला. माझा परिचय लांबला, पण टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शाल घातली, श्रीफळ दिलं. पाहुण्यांनी ते कानाशी हलवून पाहिलं. मग मनोगताला उठले, सगळ्यांचे आभार मानले आणि लगेच खाली बसले. गिटार खोक्यातून काढून मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाहू लागले. गाण्यासाठी आपल्याला वेगळं बोलावतील, असं ते धरून चालले होते.

तेवढ्यात अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "वहिनी, यल्ला, चला, आभार उरका. जेवण थंड होतंय."

"अहो, त्यांनी गिटार आणलीय."

"असू दे हो. सत्कार झाला ना?"

झाला होता खरा. हातात माईक धरून मी एकदा गिटारकडे, एकदा अध्यक्षांकडे बघत राहिले. आता गायला सांगावं, की पाहुण्यांना असं राबवणं बरं दिसणार नाही, माझा नुसता गोंधळ उडाला. तोंडातून पाठ असलेले आभार बाहेर पडले आणि खुर्च्या सरकल्या.

बायका ताटं घेऊन येत होत्या आणि परिचय किती सुंदर झाला म्हणत होत्या. मी पाहुण्यांपाशी गेले. खांद्यावरची शाल त्यांनी अजून काढली नव्हती.

"आता माझी वेळ का?" त्यांनी विचारलं.

मी जेवणाच्या रांगेकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग गिटार खोक्यात ठेवली आणि तक्रारीचा सूर न लावता, खरंच न समजल्यासारखं विचारलं, "माझ्याबद्दल तू इतकं छान सांगितलंस. मग कुणालाच ऐकावंसं नाही वाटलं?"