घरटी एक माणूस

रोह्याजवळच्या अष्टमी गावची दिशा डोलखारला सून म्हणून आली, त्याला दोन वर्षं होत आली. तरी सासू कसल्या मातीची आहे, ते तिला अजून कळलं नव्हतं. चंद्रावती दिवसभर मिठागरात मीठ ओढायची, घरी आली की भाकऱ्या थापायची आणि चार शब्दांच्या पलीकडे बोलायची नाही. दिशाला वाटायचं, बाई गरीब गाय आहे.

माहेरी दुखलं-खुपलं की पूल ओलांडला, रोह्यात डॉक्टर. इथे पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या या गावात, आरोग्य उपकेंद्र होतं, चांगलं रंगवलेलं, पण दाराला कुलूप. सिस्टर यायची नाही, कारण वाट उधाणाच्या पाण्यात खचलेली. त्याच वाटेमुळे प्रवाशांची मिनीडोर रिक्षाही गावाच्या अलीकडेच थांबायची. आणि दिशाला आठवा महिना. तिचा नवरा प्रवीण नागोठण्याला कंपनीत शिफ्टला. वेळेला तो नसला तर आपल्याला न्यायचं कसं, या विचाराने दिशाची झोप उडाली होती.

कुलपाचा विषय ग्रामसभेत काढायचा, तर ग्रामसभा भरेल तेव्हा ना! दर वेळी कोरम नाही म्हणून तहकूब. सरपंच बाबाजी म्हणायचे, "लोकांनाच नको, मी काय करू?" लोक म्हणायचे, "जाऊन काय उपेग?" झालं. तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो.

गांधी जयंतीच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी चंद्रावतीने पदर खोचला आणि आळीच्या टोकापासून दारं वाजवत निघाली. प्रत्येक दारात एकच वाक्य. "सकाळी घरटी एक माणूस, पंचायतीजवळ."

खारेपाटात हे वाक्य साधं नाही. समुद्राच्या बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटून खारं पाणी शेतात शिरायला लागलं, की असा निरोप फिरतो. मग कोणी कारण विचारत नाही. ज्या घरचं माणूस येणार नाही, त्या घरच्या लग्नात मांडव घालायला गाव जात नाही. बांध तर धड आहे! खोटा निरोप फिरवला म्हणून उद्या सगळा गाव आपल्या दारावर थुंकेल, असं दिशाला वाटलं.

सकाळी पंचायतीसमोर बघते तर काय, अख्खा गाव लोटलेला! आणि प्रत्येकाच्या हातात फावडं, घमेलं, कुदळ. पुरुषांनी गुडघ्यावर कपडे घेतलेले, बायकांनी काष्टे मारलेले. तालुक्याहून आलेले साहेब तहकुबीची सही करून चहाला निघायच्या बेतात होते. ते खुर्चीतच बसून राहिले.

बाबाजी तणतणत आले. "वहिनी, खांड कुठं गेलीय?"

"मी खांडीचं नावच घेतलं नाय. घरटी एक माणूस बोलले."

गर्दीत कुजबुज उठली. कोणी म्हणालं, म्हातारी चळली. दिशाने डोळे मिटून घेतले. चंद्रावतीचा आवाज मात्र चढला नाही.

"माझी सून पोटुशी हाय. या आळीत अजून तिघी हायेत. बांधासाठी बोलावलं तं तुमी धावत येता, शेत वाचवायला. पोरींसाठी बोलावलं अस्तं तं आला अस्तात का, सांगा."

खरं तेच ती बोलली होती, आणि खरं झोंबतं. मग एका म्हाताऱ्याने घमेलं जमिनीवर टेकवलं आणि तिथेच फतकल मारली. त्याचं बघून बाकीचे बसले.

साहेब घसा साफ करून म्हणाले, "मावशी, रस्त्याचा प्रस्ताव वर गेलेला आहे. रस्ता झाला की सिस्टर येईल."

"रस्ता आमी आज घालतो," चंद्रावती म्हणाली. "हत्यारं आणलीच हायेत. आमचं काम ते नव्हं, पण घालतो. कुलूप काढायचं काम तुमचं. कधी काढता, ते हितं सगल्यांसमोर बोला."

"सोमवारी."

"कुठला सोमवार?"

लोक हसले. साहेबही ओशाळं हसले. "येता सोमवार." बाबाजींना ठराव लिहावाच लागला. सगळे हात वर गेले.

दिवस कलेपर्यंत खचलेली वाट भरून निघाली. चंद्रावतीने साहेबांना थांबवून घेतलं आणि त्या वाटेवरून बूट घालून चालायला लावलं. त्यांच्या बुटांना चिखल लागला नाही. दिशा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. ही तीच बाई, जी बाजारात भाजीवाल्याशीही घासाघीस करत नाही! दिशाचा ऊर भरून आला. आपण हिच्या घरात राहतो, याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला.

सोमवारी दुपारपर्यंत कुलूप तसंच. निम्मा गाव दारात बसून. उन्हं कलली तेव्हा कुठे पूजा सिस्टर स्कूटीवरून आली आणि एवढी माणसं बघून बिचारी घाबरलीच.

दिशाला कळा सुरू झाल्या तेव्हा खाडीला सुकती होती, म्हणजे होडी हलणार नाही अशी ओहोटी, आणि प्रवीण कामावर. उपकेंद्राचं दार उघडं होतं. संध्याकाळी मुलगी झाली, ठणठणीत. पूजा सिस्टर बाळ गुंडाळताना सहज म्हणाली, "आजी, तुम्हाला किती मुलं?"

"तीन."

दिशाने मान वळवली. प्रवीण आणि नणंद, घरात दोनच. तिसऱ्याचं नाव कधी कोणी काढलं नव्हतं.

"पयली पोर होडीत गेली," चंद्रावती म्हणाली. "मला पेणला नेत होते. भरती यायची वाट बघत बसलो, तवर."

सिस्टर बाळ घेऊन तिच्यापुढे आली. चंद्रावतीने हात पुढे केले, मागे घेतले, पदराला पुसले. मग खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आता दे."