दुसरी फेरी

तरीवाले नाना पाण्यापुढे कधी चपला घालून उभे राहत नसत. आमच्या वाडीजवळ पूल झाला आणि सावित्री नदीवरची त्यांची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, बंद पडली, पण ही सवय गेली नाही. नळावर हंडा भरतानासुद्धा चपला बाजूला. कोणी हसलं की म्हणत, "हसा. माझा धनी हाय तो."

त्यांच्याविषयी मी लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरातून महाडच्या कॉलेजात गेलेली मी पहिलीच, लिहिण्याचा सराव नाही. पण नाना गेल्या वर्षी गेले, आणि त्यांचं एक बोलणं माझ्याच हातून कागदावर उतरलं होतं, म्हणून धीर करते.

तर बंद झाल्यावर नानांना वरंधा घाटापलीकडे एका धरणाच्या तलावावर नोकरी लागली. तिथे पर्यटकांना पाण्यावरूनच उडणाऱ्या छोट्या विमानातून फिरवत. विमानाच्या वाटेतली वाहून आलेली लाकडं मोटारबोटीने काढायची, हे नानांचं काम. साहेबांनी सकाळची एक फेरी सांगितली होती. नाना दोन मारत. दुसरी विमान सुटायच्या अगदी आधी. "वारा फिरला की वोंडका कुठनं येल, सांगता येत नाय," ते म्हणत.

एका रविवारी साहेबांच्या पाहुण्यांना नानांच्या बोटीत बसून फोटो काढायचे होते. त्यात नानांची दुसरी फेरी राहिली. विमान पाणी सोडणार एवढ्यात त्याचा खालचा तरंगता पाया ओंडक्यावर आदळला, एक पंख पाण्यात गेला आणि विमान उलटलं. नानांनी बोट तशीच पुढे घातली आणि आतल्या तिघांनाही बाहेर काढलं. पायलटचा पाय मोडला, पण सगळे वाचले.

पेपरात नानांचा फोटो आला. वाडीत सत्कार ठरला. तेव्हा नाना म्हणाले, "शाल त्या पायलटाला द्या. भिजला तो."

त्याच आठवड्यात ते अपघाताच्या चौकशीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सकाळी लाकडं काढली होती का, एवढंच विचारलं होतं. मी 'होय' लिहिलं.

"आता लिव, दुसरी फेरी मारली नाय."

"नाना, ते कुणी विचारलेलंच नाही. नोकरी जाईल तुमची."

"इचारला नाय म्हणून वोंडका नव्हता काय गो?"

माझ्या मनात आलं, ही ओळ गाळली तर यांना कुठे कळणार आहे? ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. नाना रागावले नाहीत. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी ओळ लिहिली, वाचून दाखवली. त्यांनी अंगठा उठवला.

महिन्याभराने कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. काकी, म्हणजे त्यांची बायको, कडाडली, "गप बसला असता तर काय जीभ झडली असती?" नाना पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठले आणि माझ्या दारात आले. "तिथं नवा माणूस ठेवलाय म्हणतात. त्याला फोन लाव."

लावला. कुठल्या वाऱ्याला लाकडं कुठल्या कोपऱ्यात जमतात, अर्धी बुडालेली कशी ओळखायची, सगळं ते त्याला सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "दुसरी फेरी कवा मारायची? तूच सांग बघू."

पलीकडून उत्तर आलं. तेव्हा कुठे त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि जेवायला गेले.