टेंभुर्णीची म्हैस आणि पुण्याच्या डॉक्टरीणबाई

आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. जिथे औषधालासुद्धा म्हैस सापडणार नाही अशा देशांतही त्याचे सभासद आहेत. दर जानेवारीत एक रविवार ठरतो. त्या दिवशी जगभरातल्या आमच्या लोकांनी आपापल्या गावी जमायचं, सकाळी काहीतरी सेवा करायची, दुपारी पोटभर जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फोटो टाकायचा. उत्तम फोटोला प्रशस्तिपत्र मिळतं. मेलबर्नवाले एकसारखे टी-शर्ट घालून झाडं लावतात, दुबईवाले समुद्रकिनारा झाडतात. आम्ही पुणेकरांनी गेल्या वर्षी एका बागेतला कचरा दोन तास उचलला आणि मिसळ अडीच तास खाल्ली.

यंदा सलीमने ग्रुपवर लिहिलं, "टेंभुर्णीला जनावरांचं शिबिर ठेवून राह्यलो. माझे सोबती येणार म्हणून गावाला सांगितलंय. जमेल त्यांनी या." सलीम आमच्या वर्गातला. आज रोज गोठ्यात उभा राहून जनावरं बघणारा आमच्यातला तो एकटाच. बाकीचे बँकेत, परीक्षा देऊन सरकारी खुर्चीत, नाहीतर माझ्यासारखे. मी कुत्र्यामांजरांच्या खाद्याच्या कंपनीत आहे, म्हणजे पाकिटावर काय छापायचं ते ठरवते. सलीमच्या निरोपावर वर केलेले अंगठे धडाधड पडले. 'सुपर!', 'ग्रेट वर्क!' येतो असं मात्र कुणी लिहीना.

मी नवऱ्याला म्हटलं, "मी जाऊ का?" तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "जा की. पण म्हैस ओळखशील ना?" मला असा राग आला! त्याच रागात मी तिकीट काढलं. या प्रवासामागे एवढीच काय ती उदात्त प्रेरणा.

तुम्हीही जाणार असाल तर आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. टेंभुर्णी म्हटलं की पुण्यातले लोक सोलापूर रस्त्यावरची टेंभुर्णी समजतात. ही ती नव्हे. ही जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. मी रात्रीच्या गाडीने शनिवारी पहाटे जालन्याला उतरले. स्टँडवर चहा आणि भजी झाली, मग एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मन उगाच श्रीमंत होतं. एसटी चुकली तर जीप मिळते, पण भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि 'भरली' कधी म्हणायचं हे फक्त ड्रायव्हरला कळतं. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मध्येच हरभरा, ज्वारी. माझ्या शेजारच्या आजींनी पुण्यात मी काय करते ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "कुत्र्याला भाकर चालत न्हाई का?" हा प्रश्न मी अजून आमच्या मार्केटिंग विभागापुढे ठेवलेला नाही.

सलीम स्टँडवर घ्यायला आला होता. तसाच सडपातळ, फक्त केस पांढरे. आमच्याच वर्गातला प्रशांतही संभाजीनगरहून नव्या गाडीने आला होता. हा बँकेत अधिकारी. गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. जगभरातून टेंभुर्णीला आलेले माजी विद्यार्थी ते आम्ही एवढेच. सलीमने आमच्यामागे कुणी उतरतंय का म्हणून एसटीच्या दाराकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "दोन आले, खूप झाले." मला फार लाजल्यासारखं झालं. संध्याकाळी त्याने आम्हाला शेतात हुरडा खाऊ घातला. शेंगदाण्याची चटणी, गूळ, गरम कणसं. जानेवारीत या भागात गेलात आणि हुरडा न खाता परतलात तर तुम्ही गेलाच नाहीत असं समजा.

रविवारी सकाळी शाळेमागच्या मैदानात शिबिर. बघते तर मोठा मांडव, लाउडस्पीकर, आणि बॅनरवर 'जगभरातील तज्ज्ञ डॉक्टरांचे पथक'. त्याखाली आम्ही तिघे. प्रशांत माझ्या कानात पुटपुटला, "मेघे, शेवटचा हात कधी घातलास?"

"अकरा वर्षं झाली. तू?"

"मी आता फक्त कागदांत हात घालतो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. म्हैस गाभण आहे का ते बघायला खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा चढवून मागून हात घालावा लागतो आणि आतून गर्भाशय चाचपावं लागतं. जेवता जेवता वाचत असाल तर माफ करा. सलीम हे डोळे मिटून करतो. पण इकडची रीतच अशी की पाहुणा आला म्हणजे पहिला मान त्याचा. नारळ त्यानेच फोडायचा आणि, त्या दिवशी मला कळलं, पहिली म्हैसही त्यानेच तपासायची. सलीम माईकवर म्हणाला, "पहिली तपासणी पुण्याहून आलेल्या आमच्या डॉक्टर मॅडम करतील." एरवी मला अगं-तुगं करणारा सलीम चारचौघांत एकदम अहो-जाहोवर आला.

पहिली म्हैस कौसाबाईंची. कौसाबाई साठीच्या, काटक, डोक्यावर पदर. म्हशीच्या कपाळावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, नीट बघा. दीड साल झालं, ही ठरंना. सलीमभाईनं तीन महिन्यांमागं भरवली, त्याउपर माजावर न्हाई आली. पण म्हशीचं काय, मुका माज असला तर दिसत बी न्हाई. माझा पोरगा भगवान म्हणतो, फुकट खाऊन राह्यली. आज रिकामी निघाली तर दुपारी व्यापाऱ्याचा टेम्पो बोलवलाय. गाभण असली तर ऱ्हाती. लहान होती तवापासून मी सांभाळलीय तिला."

ठरणं म्हणजे गाभण राहणं, भरवणं म्हणजे त्यासाठी रेतन करणं. एवढं ऐकल्यावर मी सलीमला पुढे करायला हवं होतं. केलं नाही, कारण समोर प्रशांत मोबाइल धरून उभा होता आणि गाव बघत होतं. मी हात घातला, चाचपलं, चेहरा गंभीर केला. उजवीकडे काहीतरी फुगीर लागलं. मनात म्हटलं, मूत्राशय असणार. आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं, "रिकामी आहे."

कौसाबाईंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हशीचा दोर सोडला आणि निघाल्या. सलीम एक पाऊल पुढे आला, थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या म्हशीला हाक मारली. तोवर प्रशांतने हातमोजा घातलेला माझा फोटो ग्रुपवर टाकलाही होता. पाच मिनिटांत मेलबर्नहून बदाम, टेक्सासहून टाळ्या.

त्यानंतरची जनावरं सलीमनेच तपासली. आम्ही जंतांची औषधं पाजली आणि वह्यांत नावं लिहिली. दीडच्या सुमारास त्याच्या घरी जेवायला बसलो. शबानाभाभींनी खिचडी, चिंचेचं खट्टं आणि माझ्यासाठी मुद्दाम ज्वारीची भाकरी केली होती. त्या खट्ट्यासाठी मी पुन्हा जालना जिल्ह्यात जायला तयार आहे. पोट भरल्यावर मी बढाया मारायला लागले, "अकरा वर्षांनी हात घातला, पण विसरले नाही हं. उजवीकडे जरा फुगीर लागलं, ते मूत्राशय हे लगेच ओळखलं."

सलीमचा घास हातातच राहिला. "उजवीकडं? पाण्यानं भरलेल्या पिशवीवानी?"

"हो."

"डावीकडं तसं न्हाई?"

"नाही."

तो खाली मान घालून खिचडी कालवत बसला. मी म्हटलं, "सलीम, खरं सांग."

"जेव अगोदर."

"सलीम!"

"मूत्राशय मधोमध असतंय. गर्भाशयाच्या दोन शिंगांपैकी एकच फुगलं, म्हंजे तीन महिन्यांची गाभण असंल," तो म्हणाला. आता तो पुन्हा अगं-तुगंवर आला होता. "मला सकाळीच शंका आल्ती. मीच भरवलेली म्हैस, माझा अंदाज चुकत न्हाई सहसा. पण तू पाहुणी. साऱ्या गावासमोर तुझ्यामागून मी परत हात घालू का? बरं दिसतं का ते?"

"अरे, मग म्हैस गेली तरी चालेल?"

"मला वाटलं, टेम्पो तिनाला येणार. तोवर घरी जाऊन गुपचूप बघून येतो."

शबानाभाभी दारातून म्हणाल्या, "दोघं बी शहाणेच! उठा आता, जल्दी करा."

प्रशांतच्या गाडीने कौसाबाईंच्या शेतातल्या वस्तीवर गेलो. गोठा रिकामा. टेम्पो ठरल्यापेक्षा तासभर आधीच येऊन नुकताच गेला होता. कौसाबाई खुंट्यापाशी बसल्या होत्या, हातात दोर. मी म्हटलं, "मावशी, माझी चूक झाली. म्हैस गाभण आहे असं वाटतंय." त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि सरळ गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, शेणाच्या पायांनी, त्या कोऱ्या प्लॅस्टिकवर. प्रशांतने नुसती गाडी चालू केली. त्या दिवशीची त्याची खरी सेवा ती.

जाफराबादच्या रस्त्याला एका चहाच्या टपरीपुढे टेम्पो उभा दिसला. व्यापारी हरिभाऊ बशीतून चहा पीत होते. सलीमने सगळं सांगितलं. हरिभाऊ शांतपणे म्हणाले, "म्हणजे मी रिकामी म्हणून घेतली अन् निघाली गाभण. मंग माझा फायदाच झाला की. परत का देऊ?"

टपरीवर दहा-पंधरा माणसं होती. सगळी आमच्याकडे वळली. कौसाबाई टेम्पोच्या फळीला धरून उभ्या. म्हैस त्यांच्याकडे मान वळवून बघत होती.

"आधी बघू तर द्या," मी म्हटलं. हरिभाऊंनी टेम्पो रस्त्याकडेच्या मातीच्या उंचवट्याला लावला आणि म्हैस उतरवली. सलीम पिशवीतून नवा हातमोजा काढायला लागला. मी तो त्याच्या हातातून घेतला. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "घाई नको करू. हात आत गेला की आधी नुसती उभी ऱ्हा. मंग हळूहळू."

मी उभी राहिले. सकाळी मी अर्ध्या मिनिटात हात बाहेर काढला होता. आता किती वेळ गेला ठाऊक नाही. गर्भाशयाचं डावं शिंग बारीक. उजवं भरलेलं, गुबगुबीत. दाबून सोडलं की पाणी हलत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला मोकळा हात नव्हता.

"गाभण आहे," मी म्हटलं. सलीमनेही हात घालून बघितलं आणि मान हलवली.

"हरिभाऊ," मी म्हटलं, "चूक सलीमची नाही, तुमची नाही, मावशींची तर नाहीच. माझी आहे. मी अकरा वर्षं कुत्र्यांच्या खाद्याची पाकिटं छापते आणि सकाळी गावापुढे तज्ज्ञ म्हणून मिरवले. तुम्ही म्हणाल तिथे, माईकवरसुद्धा, हे सांगते. पण म्हैस परत द्या."

हरिभाऊंनी बशी खाली ठेवली. "माईक कशाला बाई? हितं ऐकलं की उद्या जाफराबादेत पोचतंय." टपरीवाला हसला. मग ते कौसाबाईंकडे वळले. "न्या आक्का, पैसे मागून भगवानकडून घेतो. गाभण जनावर रिकामं म्हणून उचललं, असं माझ्या नावानं लोकांनी म्हणायला नको. अन् सलीमभाई, पाहुण्याचा मान नारळापुरता ठेवत जा."

कौसाबाई गाडीत बसायला तयार होईनात. चार किलोमीटर म्हशीबरोबर चालत गेल्या. मी आणि सलीमही मागून चाललो आणि प्रशांत पहिल्या गिअरमध्ये आमच्यामागून येत राहिला. वस्तीवर पोचल्यावर त्यांनी चहा केला. काळा, कारण गोठ्यात दूध नव्हतं. माझ्या हातात कप देताना म्हणाल्या, "हात चांगला हाय बाई तुमचा. डोकं जरा घाई करतं." सोमवारी मी पुण्याला परतले.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर निकाल लागला. यंदाचा उत्तम फोटो: टेंभुर्णी. म्हणजे नेमका तोच, ज्यात मी हातमोजा घालून चुकीचं निदान करत होते. मी रात्रभर विचार करून सकाळी ग्रुपवर सगळं जसंच्या तसं लिहिलं. मग टेक्सासवाला म्हणाला, "मी नऊ वर्षांत जनावराला हात लावलेला नाही." दुबईहून एकीने लिहिलं, "मी तेरा." एकेक करत कबुल्या येत राहिल्या. वर केलेला अंगठा त्या दिवशी कुणीही टाकला नाही. सलीमने फक्त एवढं लिहिलं, "मंग या पुढच्या साली. म्हशी भरपूर हायेत."

प्रशस्तिपत्र नवऱ्याने चौकट करून भिंतीवर लावलं आहे, त्याचा तो दुष्टपणा. मी मात्र तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार हडपसरपलीकडच्या एका गोठ्यावर जाते. तिथले डॉक्टर माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत आणि मला ओरडतात. बरं वाटतं.

ऑगस्टात एका सकाळी फोन आला. "पुण्याच्या बाई का? म्हैस व्याली, वगार झाली. काळीकुट्ट, कपाळावर चांद." मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. कौसाबाई पुढे म्हणाल्या, "जानेवारीत या. दुसरी म्हैस बी घेऊन भरवलीय. तिला बी तुम्हीच बघा."

"मावशी, आणि परत चुकले तर?"

"चुकल्या तर परत बघा," त्या म्हणाल्या. "या टायमाला टेम्पो न्हाई बोलवला."