बिनबंदुकीचे शेठ

शंभर माणसं एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी एक उरतो, असा तो मोबाइलवरचा खेळ. अवघी दुनिया तो खेळली असेल. पण त्या बेटावर उतरून, एकही गोळी न झाडता, दोन तळी, एक दीपगृह आणि पिकायला आलेला गहू निवांत पाहून, वाटेत सापडलेली औषधं गरजूंना वाटून हसतमुखाने परत आलेला इसम पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो नंदुरबारात, माझ्या दुकानाला लागून, सुक्या मिरचीचा घाऊक व्यापार करतो. हे मी शपथेवर लिहून द्यायला तयार आहे. प्रतिज्ञापत्राचे कोरे नमुने माझ्याकडे ढिगाने पडलेत.

कारण माझं दुकान ऑनलाइन फॉर्म भरण्याचं. दाखले, उतारे, परीक्षांचे अर्ज. दुपारी एकच्या सुमाराला सरकारी सर्व्हर जेवायला जातो तो तीनपर्यंत येत नाही, तेवढ्यात मी एखादा डाव टाकायचो. आणि खेळायचो ते जिंकायला. गंमत म्हणून खेळतात ती भातुकली, असं माझं रोखठोक मत होतं. अंगठे घसरू नयेत म्हणून मी अंगठ्यांना बारक्या टोप्या घालायचो. मोबाइल तापू नये म्हणून त्याच्या पाठीला चिकटवायचा वेगळा पंखा आणला होता. घरात बायको उकाड्याने हैराण आणि मोबाइलला पंखा, यावर ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा जोडीदार भटू. कोरीटचा, माझ्या गावचा, पहिलीपासून एका बाकावरचा. तो रिक्षा चालवतो. रोज सकाळी मला कोरीटहून आणायचा, संध्याकाळी परत न्यायचा आणि दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे माझ्याकडे येऊन खेळायचा. खेळातही त्याचा जीव गाडीत. जीप मिळाली की बंदूक विसरून डोंगरावरून उड्या मारत सुटायचा आणि उलटला की पोट धरून हसायचा. मी शिव्या घालायचो, तो हसायचा, असं आमचं बरं चाललं होतं.

हे मिरचीवाले शेठ माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते भांडायलाच. "अरे, तुन्हा दुकानमा रोज गोळीबार व्हस," ते दारातून म्हणाले. "गिऱ्हाईक घाबरी ऱ्हायना, बजारमा दंगल व्हयनी की काय!" सत्तरीचे, पांढराशुभ्र लेंगा-सदरा, आणि सदऱ्यावर मिरचीचा एक लालसर थर, तो धुण्यानेही जात नाही. पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं जैन घराणं. घरात मारवाडी, सुरतेच्या फोनवर गुजराती, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि अर्ज भरायचा असला की माझ्याशी एकदम शाळेतलं मराठी. आवाज कमी करतो म्हटलं, तर जायचं सोडून ते माझ्या खांद्यावरून बघत उभे राहिले. त्या क्षणी मी झाडाआडून एकाला टिपलं. "काय केलं होतं त्यानं?" शेठनी विचारलं. म्हटलं, काही नाही. "मग काबर मारा?" म्हटलं, खेळच तसा आहे. शेठ अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "त्यानीबी माय घर वाट देखत व्हई." माझा नेम त्या दिवशी जो बिघडला तो आठवडाभर जागेवर आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा मोबाइल घेऊन हजर! "मला फक्त तो मागचा डोंगर जवळून पाहायचा आहे," हे शुद्ध मराठीत, म्हणजे सरकारी काम असल्यासारखं. घेतलं त्यांना खेळात. आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू? बेटावर उतरताच बाकीचे शिकाऱ्यासारखे बंदुकीकडे धावतात, तर हे रस्त्याच्या मधोमध, हात मागे बांधल्यासारखे चालत. गवतात पाय ठेवायचे नाहीत, कारण गवतात जीव असतात. एवढा निवांत चाललेला माणूस पाहून समोरच्याला वाटायचं, हा नक्की सापळा आहे, आणि तोच घाबरून लपायचा. घरात शिरताना माइकवर आधी पुकारा, "कोनी शे का घरमा?" निघताना दार ओढून घ्यायचं, लोकांचं घर आहे म्हणून. त्या घरांत बंदुकांबरोबर कधी तवाही सापडतो. तो पाठीला लावला तर गोळी अडते, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. पण शेठ तव्याला शिवेनात. "त्यावर आधी काय भाजलं असेल कोण जाणे!" बेटावरचा सूर्य कलला की त्यांची चुळबुळ सुरू. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम आयुष्यभराचा. इकडे दुपारचे दोन वाजलेले, पोटात जेवण ताजं, तरी हे म्हणायचे, "चला चला, उशीर व्हई ऱ्हायना."

भटू तर त्यांच्यावर फिदाच झाला. जीप सापडली की बेट पालथं घालून तो आधी शेठकडे यायचा. "बठा शेठजी, कोठे जानं शे?" शेठ मागच्या सीटवर बसायचे आणि पत्ता सांगायचे, "त्या पांढऱ्या पुलापर्यंत घे, आणि खड्डे पाहून." गोळ्यांच्या वर्षावात या दोघांचं स्थळदर्शन चालायचं आणि मी एकटा दगडामागे जीव मुठीत धरून लढायचो. त्यात शेठची शिंक! त्यांच्या दुकानात बारा महिने मिरचीची पोती. शिंक आली की एकटी येत नाही, सात-आठांची वरात येते. आम्ही भिंतीआड श्वास रोखून बसलेलो, शत्रू दहा पावलांवर, आणि माइकवर एकदम "आऽऽछीं!" एकदा तर समोरून हिंदीत आवाज आला, "अंकल, दवाई लो." आणि मग त्याने आम्हा तिघांना रांगेत मारलं.

पण त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट नंबराचा. या खेळात पहिला येणाऱ्याला पडद्यावर कोंबडीचं जेवण जाहीर होतं. नुसती अक्षरं हो! ताट नाही, वास नाही, काही नाही. पण शेठना ते कळल्यावर त्यांनी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि बराच वेळ जपाची माळ ओढत बसले. मग निकाल दिला, "आपण दुसरा नंबर काढायचा. दुसरा नंबर शुद्ध शाकाहारी आहे." तेव्हापासून दुसरा नंबर हेच त्यांचं ध्येय! लोक पहिल्या नंबरासाठी जेवढा जीव टाकत नाहीत तेवढा हे दुसऱ्यासाठी टाकायचे. शेवटी दोघेच उरले की शेठ बंदूकवाल्यासमोर जाऊन शांतपणे उभे राहायचे आणि तो गोळी झाडायला उशीर करू लागला तर अस्वस्थ व्हायचे.

असा माणूस मी संघात का घेतला, हे माझं मलाच कळत नाही. पंधरा ऑगस्टला एका मोबाइलवाल्याने मंगल कार्यालयात स्पर्धा ठेवली, तिघा-तिघांच्या संघांची. भिंतभर पडदा, आणि माझ्या छातीपर्यंत येणारा करंडक. त्या करंडकासाठी मी दुकानात प्रिंटर आणि लॅमिनेशनच्या मशीनच्या मधे जागासुद्धा पुसून ठेवली होती. आमचा तिसरा गडी नोकरीला पुण्याला गेलेला. भटू म्हणाला, "शेठजीसले लेऊ. मज्या यीन." मज्या! मी कपाळावर हात मारला, पण दुसरं कोण मिळतंय? घेतलं. आणि तुम्हाला सांगतो, आम्ही चढत गेलो. शेठ मधोमध चालायचे, सगळे त्यांच्याकडे बघत राहायचे आणि मी बाजूने टिपायचो. शेवटच्या डावात दोनच संघ उरले, आम्ही आणि सारंगखेड्याची पोरं. माझी गोळ्यांची पेटी रिकामी होत आलेली, भटूची जीप टेकडीखाली तयार. मी ओरडलो, "भटू, गाडी आन, लवकर!" तेवढ्यात शेठचा आवाज, "भटू, दिन डुबाना पहिले एक डाव दर्या देखाड रे." आणि भटूने, माझ्या पहिलीपासूनच्या दोस्ताने, गाडी समुद्राकडे वळवली! अख्खं कार्यालय हसायला लागलं. पडद्यावर हे दोघं वाळूत उभे राहून सूर्यास्त बघतायत आणि इकडे सारंगखेडेकरांनी माझी चाळणी केली. मागोमाग या दोघांचीही.

शेठ खुर्चीवरून उठून टाळ्या पिटायला लागले. "दुसरा उना! दुसरा उना!" खिशात पेढ्यांचा पुडा आधीच आणलेला. सारंगखेड्याच्या पोरांनाही त्यांनी पेढे भरवले. भटू पेढा घेऊन हसत माझ्याकडे आला, आणि मी, काय झालं मला कुणास ठाऊक, सगळ्यांच्या देखत ओरडलो, "तू जनमभर रिक्षाच हाकशी! तुन्हा डोकामा दुसरं काही नहीच शे!" भटूचा हात तसाच राहिला. त्याने पेढा परत पुड्यात ठेवला, मोबाइल खिशात घातला आणि गेला. ज्याच्या रिक्षात मी रोज फुकट बसत होतो त्याला मी रिक्षावरून बोललो होतो. हे मला त्याच मिनिटाला कळलं, पण मी त्याच्या मागे गेलो नाही.

दुसऱ्या सकाळी रिक्षा आली नाही. मी एसटीने आलो. तिसऱ्या सकाळीही एसटी. भटू मला स्टेशनाजवळ दिसायचा, मी मान खाली घालायचो, तो हँडलचं काहीतरी पुसत बसायचा. दुपारी मी एकटा खेळायचो. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी पाच वेळा पहिला आलो. पाचही वेळा शेजारी कुणी हसायला नव्हतं आणि शिव्या घालायलाही कुणी नव्हतं. करमेना म्हणजे करमेना. दोनदा भटूचा नंबर काढून फोन बाजूला ठेवला. शेठ सगळं बघत होते. मग त्यांचं पर्युषण, म्हणजे जैनांचं वार्षिक व्रत, लागलं आणि आठ दिवस त्यांचा मोबाइल कपाटात गेला.

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरी, तिच्या दुसऱ्या दिवशी क्षमा मागायची त्यांची रीत. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाचं मन दुखावलं असेल तर "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचं, लहान-मोठा न बघता. शेठ सकाळपासून बाजारभर हात जोडत फिरत होते. हमाल झाले, चहावाला झाला, समोरचा दुसरा मिरचीवाला झाला, ज्याच्याशी त्यांची रोज चकमक. दुपारी माझ्याकडे आले, माझ्या दुकानात वेळोवेळी शिंकल्याबद्दल माफी मागितली आणि मोबाइल पुढे केला. "उघड. बेटवरना लोक ऱ्हायी गयात."

मी म्हटलं, "शेठ, तुम्ही तर तिथे मुंगी मारली नाहीत. माफी कसली?"

"अरे, त्यासनी माले मारं ना? त्यासले पाप लागनं, ते मन्हामुये." मीही माझा मोबाइल उघडला. खेळ सुरू होण्याआधी सगळे एका मैदानात जमतात, नाचतात, उड्या मारतात आणि माइक खुला ठेवला तर सगळ्यांना ऐकू जातं. शेठ तिथे उभे राहिले. खऱ्या दुकानात, खऱ्या खुर्चीवर बसून त्यांनी खरे हात जोडले आणि हिंदीत, मारवाडीत, थोडं गुजरातीत त्या अनोळखी गर्दीची क्षमा मागितली. दोघांनी शिव्या दिल्या. एक जण हसत सुटला. कुणीतरी म्हणालं, "अंकल, पागल हो गये क्या?" आणि लांबून एक बारीक आवाज आला, "हमको भी माफ करना, दादाजी." शेठचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी बोटाने पडद्यावर दाखवलं. आमच्या संघात तिसरं नाव होतं, भटूचं. सकाळी बाजारभर फिरताना शेठ रिक्षा स्टँडवरही गेले होते तर! त्याचा माइक चालू होता आणि त्यातून रिक्षाच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. शेठ शिंकले, मग माझ्याकडे बघत राहिले.

"भटू," मी म्हटलं. सरकारला लिहायचे शेकडो माफीनामे मी लोकांना तयार करून दिलेत, आणि माझ्याच तोंडातून एक वाक्य निघेना. "मन्हं चुकनं रे. मी वाईट बोलनू."

इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. मग भटू म्हणाला, "मीबी मनमा काही कमी नही बोलनू." आणि त्याचं ते हसणं! मनात काय काय बोलला होता ते मी आजवर विचारलेलं नाही.

डाव सुरू झाला. माझे डोळे पुसण्यात अंगठ्यांच्या टोप्या ओल्या झालेल्या, अंगठे घसरले आणि मी उतरल्या उतरल्या मेलो. या खेळात मेलेल्याला आपल्या साथीदारांचं चाललेलं बघत बसता येतं. एरवी मी मेल्यावर जास्त ओरडायचो, डावीकडे बघ, गोळी झाड, गाढवा. त्या दिवशी तोंड मिटून बसलो. ते दोघे एका तळ्याच्या काठाने चालले होते. शेठ मधेच थांबून पाणी बघायचे, भटूही थांबायचा, घाई कुणालाच नव्हती. हे तळं बेटावर कायम इथेच होतं म्हणे. मी इतके डाव खेळलो, मला ते कधी दिसलं नव्हतं. असेच ते बराच वेळ चालत राहिले. कुणी त्यांना मारत नव्हतं, ते कुणाला मारत नव्हते. आणि मधेच, काही संबंध नसताना, भटूचा आवाज आला,

"सकायले किती वाजता येऊ?"

"साडेआठ," मी म्हटलं.