अकरावं नाव

गुलाब तायडे गेल्याचा फोन सकाळी साडेनऊला आला. दीड महिना झाला त्याला. फोन त्याच्या मुलीचा होता. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली आणि मी एवढंच विचारलं, की कधी निघायचं आहे. रडू वगैरे काही आलं नाही. आला तो राग, आणि तोही आठ दिवसांनी. आमच्या जुन्या कचेरीतल्या निवृत्त मंडळींनी अकोल्यात शोकसभा घेतली. एकेक जण उठून त्याला मऊ करत होता. कोणी म्हणाला सालस, कोणी म्हणाला मनमिळाऊ. एका गृहस्थांनी तर सांगून टाकलं, की तायडेसाहेबांनी आयुष्यात कधी कोणाचं मन दुखावलं नाही. मला बसवेना. उठून म्हणालो, "दुखावलं. माझं दुखावलं, माझ्या मामांचं दुखावलं, अर्ध्या अकोल्याचं दुखावलं. आणि बरं केलं." सभेत जरा चुळबुळ झाली. कोणीतरी मला पाणी दिलं… पाणी पिऊन मी खाली बसलो खरा, पण जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते आता इथे लिहितो.

आम्ही दोघं एका सरकारी कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर कारकून होतो. मी अकोल्याजवळच्या शेतकरी घरातला, मामांच्या ओळखीनं चिकटलेला. तो अमरावतीकडचा, वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेला, परीक्षा देऊन आलेला. नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. कचेरीतले काही जण अजून त्याच्या टेबलावरची फाइल उचलताना जरा थांबत. तो ते बघे आणि मुद्दाम फाइल हातातच देई. "घ्या, हातात घ्या. शाई वाळेल हाय," म्हणे. असा माणूस.

त्या काळी कापसाच्या गाड्या गावात यायला लागल्या, की फुटबॉलचा हंगाम सुरू होई. पोलिसांचा संघ, रेल्वेवाल्यांचा, कॉलेजचा, मोहल्ल्या-मोहल्ल्यांचे आणि जिनिंगवाल्यांचे, असे आठ-नऊ संघ. बूट मोजक्यांच्या पायात. बाकीचे घोट्याला पट्ट्या बांधून अनवाणी खेळत. कचेरी सुटली की आम्ही चौघं कारकून मैदानावर जायचो, आणि दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला भांडायचो. त्या भांडणातून गुलाबनं एक खेळ काढला. प्रत्येकानं सगळ्या संघांमधून आपापले अकरा खेळाडू निवडायचे आणि वहीत लिहायचे. खरे सामने होतील तसे त्या खेळाडूंना गुण द्यायचे: गोल केला तर इतके, गोल अडवला तर इतके, उगाच धक्काबुक्की करून बाहेर गेला तर वजा. दर शनिवारी एक बदली करता येई, म्हणजे एकाला काढायचं आणि कोणाच्याच यादीत नसलेल्या दुसऱ्याला घ्यायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे. चौघांच्या चार याद्या, एकही संघ खरा नाही, आणि आम्ही मात्र लढाईवर निघाल्यासारखे गंभीर.

आम्ही तिघं नावाजलेले खेळाडू घ्यायचो. गुलाब घ्यायचा ते आम्ही हसण्यावारी न्यायचो. पहिल्याच शनिवारी त्यानं बार्शीटाकळीचा सखाराम घेतला. हा जिनिंगमध्ये कामाला होता, त्यांच्याच संघाचा गोली, आणि उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढा. मी म्हणालो, "अबे, त्याच्या डोक्यावरून बकरीही उडी मारीन." गुलाब म्हणाला, "उंची कमी हाय त्याची, मान्य. पण तो बॉलची वाट पाहत नाही. बॉल यायच्या आधीच तो त्याच्याकडं जाते. तू पाह्यलं काय कधी त्याचे पाय? तू त्याचं डोस्कंच पाहून राहिला." मग घेतला रहीम टेलर. पस्तिशी ओलांडलेला, डाव्या बाजूनं खेळणारा, धावताना दम लागायचा त्याला. पण त्याच्या डाव्या पायातून आलेला बॉल गोलसमोर असा उतरायचा, की कोणीही डोकं लावावं. आणि तिसरा किसन. या किसननं तोवर एकही सामना खेळला नव्हता. कॉलेजच्या संघात तो बारावा होता, सगळा हंगाम पट्ट्या बांधून कडेला बसलेला. आम्ही हसून हसून चहा सांडला. "जो खेळतच नाही त्याले गुण कुठून देऊ?" मी विचारलं. गुलाब हसला नाही. म्हणाला, "तो कायले बसला हाय ते मले ठाऊक हाय. मी बी बसलो होतो."

तेव्हा पहिल्यांदा त्यानं अमरावतीचं सांगितलं. वसतिगृहात असताना तो एका मोठ्या मैदानावर रोज सरावाला जाई. सरावात त्याला सगळे घेत, कारण त्याला अडवता अडवता त्यांचाच सराव होई. पण सामन्याचा दिवस आला की फळ्यावरच्या यादीत त्याचं नाव नसे. दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी त्यानं कप्तानाला विचारलं, तर उत्तर मिळालं, "खेळतोस तर खरा रोज, यादीत नाव कशाला पाहिजे?" हे सांगताना त्याचा आवाज अजिबात ओला झाला नाही… चहा संपवला, कप धुतला आणि वहीत किसनचं नाव मी नीट लिहिलं की नाही, ते वाकून बघितलं.

दोन आठवड्यांनी कॉलेजच्या हाफबॅकचा गुडघा दुखावला आणि किसन मैदानात उतरला. पुढचं अकोल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. हंगाम संपला तेव्हा गुलाबची यादी आम्हा तिघांच्या इतकी पुढे होती, की आम्ही बेरीज करायचंच सोडून दिलं. सखाराम, रहीम, किसन… आम्ही टाकून दिलेल्या माणसांनी आम्हाला हरवलं.

इथवर गंमत होती. मग अमरावतीविरुद्धच्या सामन्यासाठी अकोल्याचा संघ निवडायचा झाला. निवड समितीचे प्रमुख माझे बापूमामा. त्यांच्या यादीत हे तिघंही नव्हते. गुलाब मला म्हणाला, "चाल. वही घेऊन तुया मामाकडं जाऊ." रविवारी सकाळी आम्ही गेलो. मामा ओसरीवर होते. चहा आला, मला कपबशीत, गुलाबला कान तुटलेल्या वेगळ्या कपात. त्यानं तो कप पाहिला, बाजूला ठेवला आणि वही उघडली. कोण कुठल्या सामन्यात काय खेळला ते त्यानं एकेक करून सांगितलं. साहेब म्हणत होता, पण आवाज खाली नव्हता. मामांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "वसंता, अक्षर तुझं दिसते. हे सगळं खरं हाय?"

खरं होतं. एकूण एक ओळ मी मैदानावर उभं राहून लिहिलेली होती. पण मामांनी मला नोकरी लावली होती, मामांच्या घरी मी दोन वर्षं जेवलो होतो, आणि मामा ज्या नजरेनं बघत होते ती मला लहानपणापासून ठाऊक होती. मी म्हणालो, "ते… आमची गंमत होती मामा. चहाच्या वेळची."

गुलाबनं वही मिटली. उठला, मामांना नमस्कार केला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "ती कोरडवाहूची फाइल द्या तुम्ही इकडे." तुम्ही! आमच्यात 'अबे'शिवाय हाक नव्हती. पुढे तीन आठवडे तो मला तुम्ही म्हणत होता. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

अमरावतीला जाण्याआधी निवडलेल्या संघाला एक सरावाचा सामना हवा होता. पोलिसांचा संघ खेळणार होता, पण त्यांना ऐन वेळी कुठेतरी बंदोबस्ताला जावं लागलं. समितीची माणसं मैदानावर डोक्याला हात लावून उभी असताना गुलाब तिथे गेला आणि म्हणाला, "मी देतो अकरा." लोक हसले. मामा म्हणाले, "कागदावरचे?" हा म्हणाला, "हो साहेब. कागदावरचेच. परवा चार वाजता."

दोन दिवस तो सायकलवरून गावभर फिरला. जिनिंगमध्ये गेला, रहीमच्या दुकानात गेला, कॉलेजवर गेला. अकरा जमवले. पण सामन्याच्या दिवशी चार वाजता दहाच आले. अकरावा ज्या संघातला होता त्यांनी त्याला घरी बसवलं होतं. कोणाच्या सांगण्यावरून ते मी विचारलं नाही, मला अंदाज होता. पंचांनी यादी मागितली. गुलाबनं दहा नावं लिहिली आणि पेन हातात धरून तो नुसता उभा राहिला. बाजूला मामा आणि समिती खुर्च्यांवर बसलेली. कोणीतरी ओरडलं, "काय झालं तायडे, माणसं संपली?"

मी तोवर मामांच्या खुर्चीमागे उभा होतो. काय झालं मला, सांगता येत नाही… सरळ चालत गेलो, त्याच्या हातातून पेन घेतलं आणि दहाव्या नावाखाली, माझ्या चांगल्या अक्षरात, लिहिलं: गुलाब तायडे.

तो माझ्याकडे बघत राहिला. तेहतीस-चौतीस वर्षांचा कारकून, पायात चपला, अंगात कचेरीचा सदरा. "काहून लिहिलं बे माझं नाव?"

'बे' तीन आठवड्यांनी ऐकलं. म्हणालो, "या हप्त्याची बदली हाय माझी."

त्यानं चपला काढल्या. रहीमनं आपल्या पट्ट्यांतली एक फाडून त्याला दिली, ती त्यानं घोट्याला बांधली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मैदानात उतरला. पहिल्या अर्ध्यात आमच्यावर एक गोल झाला. समितीची माणसं निवांत शेंगा खात होती. दुसऱ्या अर्ध्यात रहीमनं डावीकडून बॉल टाकला आणि किसननं डोक्यानं आत घातला. मग सखाराम! तीनदा तो समोरच्या फॉरवर्डच्या पायात शिरला, तीनदा बॉल पोटाशी घेऊन उठला. तिसऱ्यांदा ओठ फुटला तरी हसत होता. गुलाबनं गोल केला असं लिहायला मला आवडलं असतं. केला नाही. त्याची पोटरी धरली होती, तो लंगडत होता. पण शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं मधून एक बॉल असा सरकवला, की समोरचे दोन फुलबॅक एकमेकांकडे बघत राहिले आणि किसन त्यांच्यामधून निघून गेला. दोन-एक. मैदानाभोवतीचे लोक आत घुसले. मी त्यांच्या पुढे होतो. मामा खुर्चीवरून उठून माझ्याशी न बोलता गेले, आणि पुढे वर्षभर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समितीचा निरोप आला: सखाराम आणि किसनला घेतो. रहीमचं वय झालं. आणि गुलाबचं नाव अर्थातच कोणी काढलं नाही. सखाराम चिडून आला. म्हणाला, "भाऊ, तुमी म्हणा, आमी नाही जात." मला वाटलं हा आता म्हणेल, नका जाऊ. मी म्हणालो असतो. गुलाब त्याला म्हणाला, "जा. मी तुमाले निवडलं ते तुमी खेळता म्हणून. माया मानासाठी नाही निवडलं. जा, आन् असे खेळा का अमरावतीवाल्यायनं नाव विचारलं पाह्यजे."

आम्ही दोघं आणि रहीम पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून अमरावतीला गेलो. मैदान तेच होतं, ज्याच्या फळ्यावर गुलाबचं नाव कधी लागलं नव्हतं. सामना बरोबरीत सुटला. तो सुटला सखारामच्या अडवलेल्या पेनल्टीमुळे, हे त्या दिवशी अमरावतीच्या लोकांनीही कबूल केलं. मध्यंतरात समितीतल्या एका भल्या माणसानं गुलाबला पुढच्या रांगेत खुर्ची दाखवली. "या तायडे, बसा इथे." गुलाबनं मागे वळून दोरीजवळ उभ्या रहीमकडे बघितलं. खुर्ची एकच होती. म्हणाला, "राहू द्या. मले उभ्यानं चांगलं दिसते."

नंतर तो बढत्या घेत गेला, साहेब झाला, वरिष्ठांशी भांडत राहिला, दोनदा दूर बदल्या भोगून परत आला. मामांचा आणि माझा समेट झाला, मामांचा आणि त्याचा कधी झाला नाही, आणि त्याची खंत दोघांनाही नव्हती. म्हणून म्हणतो, त्याला सालस म्हणू नका. तो सालस असता तर सखाराम जिनिंगमध्येच म्हातारा झाला असता आणि मी मामांच्या खुर्चीमागे.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. मुलगी सुजाता पातूरच्या शाळेत शिक्षिका आहे, सुट्टीवर आली होती. आम्ही बाबांविषयी फार बोललो नाही. तिनं चहा ठेवला, मी खिडकीशी बसलो. उकळी यायच्या आत ती आतूनच म्हणाली, "काका, आमच्या शाळेत एक पोरगी हाय. शाळेच्या संघात घेत नाहीत तिले. म्हणतात, लय आडदांड हाय, कोणाचं ऐकत नाही."

मी विचारलं, "कोणत्या जागेवर खेळते?"

ती चहा तसाच ठेवून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसून सांगायला लागली.